शनिवारचा ट्रॅक आणि फिरता फड

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर मोटार शर्यतींचे दोन जुने ट्रॅक आहेत. एक विन्स्टन-सेलम शहरातला बोमन ग्रे, दुसरा विल्क्स काउंटीतला नॉर्थ विल्क्सबरो. देशातल्या सगळ्यात मोठ्या शर्यत मालिकेने १९७१ नंतर पहिल्याला वाऱ्यावर सोडलं आणि दुसऱ्याला १९९६ पर्यंत मांडीवर बसवून घेतलं. आज बघायला गेलं तर सोडून दिलेला ट्रॅक उन्हाळ्यात शनिवारी रात्री गच्च भरतो. मांडीवरचा ट्रॅक मात्र १९९६ नंतर ओस पडला, त्याच्यात गवत उगवलं, आणि पंचवीसेक वर्षांनी त्याला सरकारी पैशाने उभं करावं लागलं.

हे उलटं कसं झालं, ते आज सांगायचं आहे. मोटारींत रस नसलेल्यांनीही वाचा. कारण प्रश्न मोटारींचा कमी आणि मैदानाचा जास्त आहे. गावच्या मैदानावर कुठल्या दिवशी काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

आधी थोडी ओळख. 'स्टॉक कार' म्हणजे मुळात कंपनीतून येते तशी, दुकानात मिळणारी साधी मोटार. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात १९३० आणि ४० च्या दशकांत चोरून गाळलेल्या दारूचा मोठा धंदा होता. आपल्याकडे हातभट्टी म्हणतात तसलाच प्रकार. ती दारू रात्री शहरात पोचवायची तर पोलिसांपेक्षा जोरात पळणारी गाडी पाहिजे. पोरं साध्या दिसणाऱ्या गाडीचं इंजिन वाढवायची, मागच्या स्प्रिंगा कडक करायची, म्हणजे माल भरला तरी गाडी मागे बसायची नाही. मग रविवारी कुणाची गाडी जास्त पळते यावर पैजा. शेतात नांगराने गोल आखायचा की झाला ट्रॅक. सगळेच शर्यतवाले दारूवाले होते असं नाही, पण या खेळाला तो वास आहे हे खरं.

अशा शर्यती जागोजागी व्हायच्या आणि कारभार बेभरवशाचा. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. बक्षीस जाहीर व्हायचं आणि शर्यत संपेपर्यंत आयोजक तिकिटाचे पैसे घेऊन पसार झालेला असायचा. फ्लोरिडातल्या डेटोना बीच शहराने १९३६ मध्ये स्वतः समुद्रकिनाऱ्यावर शर्यत भरवून बघितली आणि चांगलाच तोटा खाल्ला. त्या शहरात बिल फ्रान्स नावाचा एक उंचापुरा मेकॅनिक १९३४ मध्ये येऊन राहिला होता. त्याने पुढे त्या शर्यती चालवायला घेतल्या. डिसेंबर १९४७ मध्ये त्याने तिथल्या स्ट्रीमलाइन हॉटेलात आयोजक, चालक आणि मेकॅनिक मंडळींची बैठक बोलावली. त्यातून नॅस्कार ही संस्था निघाली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. एकच नियमावली, ठरलेलं बक्षीस मिळण्याची हमी, वर्षभराच्या गुणांवर एक विजेता. फिरत्या मालिकेला नावं ठेवण्याआधी हे मान्य करायला हवं. बेबंद कारभाराला शिस्त लावायला ती आली आणि तिने ती लावली.

पण शिस्तीबरोबर सत्ताही आली. जून १९४९ मध्ये शार्लट इथे साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. दारू वाहणारी गाडी होती ती. त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला. दावा फेटाळला गेला. शर्यत कुणी जिंकली हे आता प्रेक्षकांच्या डोळ्यांवर नाही, संस्थेच्या पुस्तकावर ठरणार, हे त्या दिवशी पक्कं झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच वर्षी, १८ मे १९४९ ला, बिल फ्रान्स आणि त्याचा भागीदार ॲल्विन हॉकिन्स यांनी विन्स्टन-सेलममधल्या बोमन ग्रे स्टेडियमवर शर्यती सुरू केल्या. हे स्टेडियम मुळात फुटबॉलचं. १९३० च्या दशकातल्या मंदीत, रोजगार देणाऱ्या सरकारी कामांतून बांधलेलं आणि शहराच्या मालकीचं. फुटबॉलच्या मैदानाभोवती जेमतेम पाव मैलाचा डांबरी गोल आहे. एवढ्या गोलात वेग घ्यायला जागाच नाही. पुढे जायचं तर समोरच्याला ढुशी द्यावी लागते. ढुशी खाल्लेला माणूस पुढच्या शनिवारी परत येतो आणि हिशेब चुकता करतो. लोक त्या ट्रॅकला 'वेड्यांचं घर' म्हणतात, ते उगाच नाही.

आठवडी शर्यतीचं सगळं बळ या 'पुढच्या शनिवारी' मध्ये आहे. माणसं तीच असतात. कुणी गॅरेजमध्ये काम करतो, कुणी वेल्डिंग करतो, कुणी गिरणीत जातो. आठवडाभर नोकरी करून रात्री घरामागच्या शेडमध्ये गाडी दुरुस्त करायची. दारावर नाव असतं गल्लीतल्या टायरवाल्याचं नाहीतर भंगारवाल्याचं. प्रेक्षकांत त्याची मेहुणी बसलेली असते आणि दोन ओळी सोडून त्याच्या वैऱ्याचा शेजारी. बक्षिसातून टायरचा खर्च निघाला तरी पुष्कळ. हे सगळं आपल्या आठवडी बाजारासारखं आहे. बाजारात एक दिवस फार मोठी उलाढाल होत नाही, पण दर आठवड्याला तो भरतो म्हणून गाव चालतं.

कॅनापोलिसचा राल्फ अर्नहार्ट हा अशा माणसांतला मोठा. कापडगिरणीतली नोकरी सोडून त्याने जवळपासच्या छोट्या ट्रॅकवर गाडी पळवून घर चालवलं. मोठ्या मालिकेत तो अधूनमधूनच उतरला. १९७३ मध्ये घरीच, गाडीचं काम करता करता हृदयविकाराने गेला. त्याचा मुलगा डेल पुढे मोठ्या मालिकेचा सात वेळा विजेता झाला. मुलाचं नाव जगाला माहीत आहे. पण मुलाने हात बसवला तो बापाच्या शेडमध्ये आणि बापाच्याच ट्रॅकांवर.

आता गंमत बघा. सुरुवातीची वीस-बावीस वर्षं फिरती मालिका आणि आठवडी ट्रॅक यांच्यात भिंत नव्हती. मालिकाच गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर फिरायची. १९६४ च्या एका हंगामात तिच्या ६२ शर्यती झाल्या. म्हणजे बुधवारी एका गावात, शुक्रवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या. आपल्या तमाशाच्या फडासारखं. आज इथे तंबू, उद्या तिथे. फड गावात आला की गावातला गडीही आपली गाडी घेऊन त्यात उतरू शकत होता. रिचर्ड पेटीने १९६७ मध्ये २७ शर्यती जिंकल्या, त्यातल्या कितीतरी अशाच छोट्या ट्रॅकवर. त्याचा शंभरावा विजय १९६९ मध्ये बोमन ग्रेवरच झाला.

दुसरीकडे मोठे ट्रॅक उभे राहत होते. १९५० मध्ये डार्लिंग्टन, १९५९ मध्ये अडीच मैलांचा डेटोना. तिथे एका दिवसाची तिकीटविक्री छोट्या ट्रॅकच्या अख्ख्या हंगामाएवढी. दोन्हींचा मेळ बसणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं.

भिंत घातली ती सिगारेटने. १९७१ च्या सुरुवातीला अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. आर. जे. रेनॉल्ड्स ही मोठी तंबाखू कंपनी, मुक्काम विन्स्टन-सेलम. तिच्या हातात जाहिरातीचा पैसा उरला आणि तो लावायला जागा नाही. तेव्हा ज्युनियर जॉन्सन हा विल्क्स काउंटीतला जुना शर्यतवीर आपल्या गाडीसाठी पैसे मागायला कंपनीकडे गेला. हा स्वतः दारूच्या भट्टीपायी तुरुंगात जाऊन आलेला माणूस. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. कंपनीची देण्याची तयारी एका गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे हे बघून त्याने त्यांना सांगितलं, मग बिल फ्रान्सशीच बोला. अशी कंपनीच्या 'विन्स्टन' या सिगारेटच्या नावाने अख्खी मालिका उभी राहिली.

पैसा मोठा, तर शर्यतही मोठी पाहिजे. १९७२ पासून अडीचशे मैलांहून कमी अंतराच्या शर्यती यादीतून गेल्या. १९७१ मध्ये ४८ शर्यती होत्या, पुढच्या वर्षी ३१ उरल्या. हिकरी, साउथ बोस्टन, ग्रीनव्हिल-पिकन्स, कोलंबिया, असे ट्रॅक एका फटक्यात बाहेर. ग्रीनव्हिलची कथा तर विलक्षण आहे. मालिकेची सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर दाखवलेली पहिली शर्यत एप्रिल १९७१ मध्ये याच अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरची होती. छोटी शर्यत टीव्हीच्या वेळेत बसते, म्हणून तिथे घेतली. टीव्हीवर कसं दिसतं हे कळलं आणि त्याच वर्षाअखेर ट्रॅकला नारळ मिळाला.

बोमन ग्रेही गेलं. आता नीट बघा. शहर विन्स्टन-सेलम, सिगारेट विन्स्टन, आणि स्टेडियमला ज्याचं नाव दिलंय तो बोमन ग्रे म्हणजे याच तंबाखू कंपनीचा एकेकाळचा अध्यक्ष. शहरातल्या कंपनीचा पैसा मालिकेत गेला आणि त्या पैशामुळे शहरातल्याच ट्रॅकवरून मालिका निघून गेली. यात कुणाचं कारस्थान शोधायला जाऊ नका. पैसा आपल्या वाटेने जातो, त्याला गावाचं नाव आठवत नाही.

जाताजाता एक हिशेब राहिला. ६ ऑगस्ट १९७१ ला बोमन ग्रेवरची मालिकेची शेवटची शर्यत बॉबी ॲलिसनने जिंकली, मागे रिचर्ड पेटी. पण ॲलिसनची गाडी फोर्ड मस्टँग होती, दुसऱ्या, धाकट्या गटातली. छोट्या ट्रॅकवर मालिकेच्या गाड्या पुरेशा येईनात म्हणून संस्थेनेच त्या गटाला सोबत पळायची परवानगी दिली होती. तरी पुस्तकात विजय ॲलिसनच्या नावावर चढला नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला विजेता पुस्तकात नाही, अशी ५३ वर्षं गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेने तो त्याचा ८५ वा विजय म्हणून मान्य केला. पुढच्याच महिन्यात ॲलिसन वारला.

मालिका गेल्यावर बोमन ग्रेचं काय झालं? फारसं काही नाही. पुढच्या हंगामात शनिवार आला आणि लोक आले. मालिका वर्षातून एखाद-दोन वेळा यायची, बाकी सगळे शनिवार आधीपासून गावाचेच होते. हॉकिन्सचं कुटुंब कारभार बघत होतं, जागा शहराची होती. हिकरी आणि साउथ बोस्टनचंही तसंच. ते ट्रॅक आजही चालतात. सगळेच वाचले असं मात्र नाही. कोलंबिया काही वर्षांतच थंडावलं. आठवडी शर्यत हा काही अमृताचा पेला नव्हे. गाव वाढलं की जमिनीचा भाव वाढतो, शेजारी बंगले येतात, आवाजाच्या तक्रारी होतात, आणि खाजगी मालक एक दिवस जमीन विकून मोकळा होतो.

आता नॉर्थ विल्क्सबरो. इनॉक स्टेली आणि भागीदारांनी १९४७ मध्ये काढलेला ट्रॅक. १९४९ च्या पहिल्या हंगामापासून मालिका तिथे यायची. १९७२ च्या छाटणीतून तो वाचला आणि मग वर्षातल्या मालिकेच्या दोन तारखांवरच त्याचं पोट चालू लागलं. पण त्या तारखा ट्रॅकच्या नव्हत्या. त्या देणं न देणं संस्थेच्या हातात. १९९५ मध्ये स्टेली वारले. ट्रॅकचा अर्धा हिस्सा ब्रुटन स्मिथने घेतला, अर्धा बॉब बाहरेने. दोघेही मोठ्या ट्रॅकचे मालक. २९ सप्टेंबर १९९६ ला जेफ गॉर्डनने तिथली शेवटची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी एक तारीख टेक्सासला गेली, दुसरी न्यू हॅम्पशरला. दोघांनी ट्रॅक विकत घेतला तो तारखांसाठी. तारखा काढून घेतल्यावर मागे राहिलं सिमेंट आणि गवत.

मध्ये एकदा, २०१०-११ च्या सुमारास, तो उघडून बघितला, पण जमलं नाही. अखेर कोविडनंतर आलेल्या केंद्राच्या मदतनिधीतून राज्य सरकारने १.८ कोटी डॉलर त्यावर लावायचं ठरवलं. २०२२ मध्ये तिथे आधी छोट्या गाड्यांच्या शर्यती झाल्या, लोकांनी गर्दी केली. ती गर्दी बघून मालिका २०२३ मध्ये परत आली. माझा मुद्दा असा आहे की तारखा काढून नेल्या त्या खाजगी मालकांनी, आणि ट्रॅक उभा करायचा खर्च आला जनतेवर.

फिरत्या मालिकेने आठवडी ट्रॅकसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. तंबाखू कंपनीने छोट्या ट्रॅकच्या भिंती रंगवून दिल्या आणि १९८२ पासून देशभरच्या आठवडी ट्रॅकसाठी गुणांची वेगळी स्पर्धा सुरू केली. पण ओढ एकाच दिशेची राहिली. 'मॉडिफाइड' नावाच्या उघड्या चाकांच्या गाड्यांचं उदाहरण घ्या. या गटाचा राष्ट्रीय विजेता पूर्वी वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळवलेल्या गुणांची बेरीज करून ठरायचा. न्यू यॉर्क राज्यातल्या रोम गावचा रिची इव्हान्स आठवड्यात जमेल तेवढ्या रात्री गाडी पळवून आठ वेळा विजेता झाला. १९८५ मध्ये ही पद्धत बंद होऊन ठरावीक शर्यतींची फिरती मालिका आली. तिचाही पहिला विजेता इव्हान्सच. पण त्याच ऑक्टोबरमध्ये मार्टिन्सव्हिलला सराव करताना तो अपघातात गेला. तो गेला आणि अनेक ट्रॅकवर राबून देशाचा विजेता होण्याची ती पद्धतही गेली.

छोट्या ट्रॅकच्या आयोजकाचं गणित साधं असतं. फिरती मालिका एका रात्रीसाठी बोलावली तर तिला ठरलेली फी द्यायची, बक्षिसाची हमी द्यायची. तिकीट वाढवावं लागतं. गर्दी होते, पेपरात फोटो येतो. गावची पोरं त्या रात्री आधीच्या किरकोळ शर्यतीत पळतात. पुढच्या शनिवारी मात्र अर्धं मैदान रिकामं, कारण घरातला करमणुकीचा पैसा त्या एका रात्री संपलेला असतो. वर्षातून एकदा अशी रात्र चांगलीच. तिच्याच भरवशावर हंगाम आखला की ट्रॅकचं नॉर्थ विल्क्सबरो व्हायला वेळ लागत नाही.

गावचं म्हणजे सगळं पवित्र, असंही समजू नका. डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट १९५२ मध्ये विन्स्टन-सेलमच्या शर्यतीत उतरायला गेला, तर काळ्यांना इथे जागा नाही म्हणून अधिकाऱ्यांनी परत पाठवलं. दुसऱ्या स्थानिक ट्रॅकांनी त्याला घेतलं, म्हणून तो घडला. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये त्याने जॅक्सनव्हिलला मोठ्या मालिकेची शर्यत जिंकली, तर विजेता म्हणून आधी गोऱ्या बक बेकरचं नाव पुकारलं. स्कॉटच्या कुटुंबाला करंडक मिळाला तो २०२१ मध्ये, तो जाऊन तीस वर्षं झाल्यावर. कोतेपणा गल्लीतही असतो आणि दिल्लीतही. फरक एवढाच की ट्रॅक बरेच असले तर एकाने दार लावल्यावर दुसरं ठोठावता येतं. दार एकच उरलं तर जाणार कुठे?

आज वरच्या पातळीवर तेच चाललंय. नॅस्कार अजूनही फ्रान्स कुटुंबाच्या हातात आहे आणि बरेच मोठे ट्रॅकही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल जॉर्डनची भागीदारी असलेल्या संघाने आणि आणखी एका संघाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिच्यावर दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये खटला ऐन भरात असताना तडजोड झाली. जॉर्डनसारख्या माणसालाही तारखा आणि वाटा मागायला कोर्टात जावं लागतं, तर गल्लीतल्या टायरवाल्याची काय कथा.

आणि बोमन ग्रे? २०२४ मध्ये तिथला भाडेकरार नॅस्कारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, १९७१ नंतर प्रथमच, मोठी मालिका तिथे आली. शनिवारचे दोन राजे, टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स, उसन्या गाड्या घेऊन त्यात उतरले. मुख्य शर्यतीत पोचले नाहीत. बर्टच्या आजोबांनी याच ट्रॅकवर गाडी चालवताना जीव सोडला होता. त्या रात्री लोक कुणासाठी आरडाओरडा करत होते ते वेगळं सांगायला नको. शनिवार चालू आहेत, जागा अजून शहराची आहे. पण कॅलेंडर आता गावाबाहेरच्या हातात गेलंय. म्हणून मी ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून सांगत नाही.

मला यातून दिसतं ते असं. मैदान टिकतं तीन गोष्टींवर. जमीन सार्वजनिक मालकीची असली, तारखा गावाच्या असल्या, आणि पाहुणा आला नाही तरी येणारे प्रेक्षक असले, की मैदान वाचतं. बोमन ग्रेकडे तिन्ही होतं. नॉर्थ विल्क्सबरोकडे पाहुणा होता.

आपल्याकडेही जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानाशेजारी लीग आल्या, बक्षिसात मोटारी देणाऱ्या मोठ्या बैलगाडा शर्यती आल्या. माझा त्यांना विरोध नाही. मोठा पैलवान गावात येतो तेव्हा बघायला मीही जाईन. पण नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं मैदान कुणाला करारावर दिलं जात असेल, तर त्या कागदात एक ओळ शोधा: वर्षातले किती दिवस गावासाठी राखून ठेवलेत, आणि ते कुणाला विचारल्याशिवाय बदलता येणार नाहीत? ती ओळ नसेल तर सभेत उठून विचारा. ठराव मंजूर व्हायच्या आधी विचारा, कारण तारीख एकदा हातातून गेली की ती परत आणायला केवढा खर्च येतो ते नॉर्थ विल्क्सबरोला विचारून बघा.

तुमच्या गावच्या मैदानाचं काय चाललंय, ते खाली लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा, वाचतो मी सगळं.